करणारा आणि घेणारा

हुबळी आणि धारवाड ही दोन गावे एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर आहेत. पण १९६२ मध्ये त्यांचा कारभार एकाच महानगरपालिकेकडे आला. हुबळी व्यापाऱ्यांची आणि धारवाड विद्वानांचे, असे म्हणण्याची जुनी रीत आहे. या जोडगावात थंडीच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या मैदानावर हस्तकलेच्या वस्तूंचे प्रदर्शन भरते. बांबू आणि पत्रे यांचे गाळे उभे राहतात. इरकली साड्या, गुलेदगुडचे खण, नवलगुंदच्या सतरंज्या, कलघटगीचे लाखेच्या रंगांनी रंगविलेले लाकडी पाळणे, किन्हाळची आणि गोकाकची खेळणी असा नाना प्रकारचा माल तेथे मांडलेला असतो. लोक सहकुटुंब येतात, पाहतात, घासाघीस करतात आणि थोडेफार घेऊन घरी जातात.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या शाळेतील नववीची काही मुले-मुली घेऊन अशाच एका प्रदर्शनाला गेलो होतो. एका गाळ्यात पन्नाशीच्या एक बाई साड्या मांडून बसल्या होत्या. साड्यांच्या पदरांवर कशिदा काढलेला होता. गोपुरे, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन अशा त्या आकृती होत्या. चांगल्या घरच्या दिसणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांतली एक काळी साडी उचलली आणि किंमत विचारली. किंमत सहा हजार रुपये होती.

"अक्का, चार हजार आठशे घ्या. यंत्रावरची अशीच साडी बाजारात निम्म्या किमतीला मिळते," गिऱ्हाईक बाई म्हणाल्या.

कारागीर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पदर हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "बाई, यातली सुलट बाजू कुठली, ते तुम्हीच दाखवा."

दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. गाठ कुठेच नव्हती. गिऱ्हाईक बाई हसल्या, साडी खाली ठेवली आणि पुढच्या गाळ्याकडे वळल्या.

आमच्यातील एका मुलीने तेव्हा विचारले, "अक्का, हे करायला किती दिवस लागले?" उत्तर मिळाले की, घरातले आटोपून दुपारी चार तास, असे दोन महिने. शिक्षकाची मुले ती! परत येताना बसमध्ये त्यांनी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. साठ दिवस गुणिले चार म्हणजे दोनशे चाळीस तास. सहा हजारांतून मूळ साडीचे अडीच हजार आणि दोरा व येण्याजाण्याचे पाचशे वजा केले की तीन हजार उरतात. म्हणजे ताशी साडेबारा रुपये. आणि त्या बाईंनी मागितलेल्या भावाने दिली असती तर? ताशी साडेसात रुपये.

मला त्या हिशेबाची लाज वाटली, कारण तासापूर्वीच मी शेजारच्या गाळ्यातून नवलगुंदची एक लहान सतरंजी दोनशे रुपये कमी करून घेतली होती आणि ती स्वस्त मिळाली म्हणून मुलांसमोर समाधानही व्यक्त केले होते. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूपुढे रोज हात जोडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तरी हे आधी सुचायला हवे होते. पण सुचले नाही, ही गोष्ट खरी आहे. का सुचले नाही, याचा विचार करू लागलो तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला इतिहासाकडेच वळावे लागले. त्यातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

आपल्याकडे जसे बलुतेदार, तसेच कानडी मुलखात आयगार. सुतार, लोहार, कुंभार ही मंडळी गावाची कामे करीत आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घेत. नांगर कोणी केला, घडा कोणी घडविला, हे वापरणाऱ्याला ठाऊक असे. करणारा आणि घेणारा एकाच वेशीच्या आत राहत. या व्यवस्थेत जातीचा जाच होता, हे विसरता येणार नाही. पण वस्तूमागचा माणूस मात्र डोळ्यांसमोर असे. विणकराचे तसे नव्हते. एका गावाला पुरून उरेल इतके कापड तो विणी. त्यामुळे त्याला आठवड्याचा बाजार हवा, जत्रा हवी आणि दूरचा व्यापारीही हवा. हुबळी वाढली ती अशा बाजारामुळे.

सतराव्या शतकात हुबळीची कीर्ती कापडाची पेठ म्हणून समुद्रापलीकडे पोहोचली होती. कारवारला इंग्रजांची वखार होती आणि त्या वखारीच्या मालाची मोठी खरेदी-विक्री हुबळीस होत असे. इंग्रज स्वतः विणकराच्या दारात जात नसत. त्यांचा दलाल जाई. करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहिलेला तिसरा माणूस आपल्याला या पेठेत असा ठळकपणे दिसू लागतो. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने अण्णाजी दत्तो यांच्या नेतृत्वाखाली हुबळी लुटली. त्या काळच्या युद्धनीतीत संपन्न पेठ लुटणे हा शत्रूचे बळ तोडण्याचा मार्ग होता. इंग्रजांनी आपले नुकसान ७,८९४ होनांचे झाल्याचे सांगितले आणि भरपाईची बोलणी चालविली. हे कापड ज्यांच्या मागांवर विणले गेले होते, त्यांच्या नावाचा रकाना त्या हिशेबात नव्हता. कापड एकदा दलालाच्या गोणीत गेले की ते कंपनीचे झाले. विणणाऱ्याचे नाव त्यावरून पुसले गेले.

पेठ मात्र पुन्हा उभी राहिली. सावनूरच्या नबाबाच्या अमलात, १७२७ मध्ये, बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्याने जुन्या गावाजवळ नवी हुबळी वसविली. दुर्गदबैल हा आजचा गजबजलेला बाजार त्या जुन्या किल्ल्यापुढच्या मोकळ्या जागेचे नाव सांगतो. पुढे नवी हुबळी सांगलीच्या पटवर्धनांकडे आली आणि १८२० मध्ये ती त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेली. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात सामील झाला आणि १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना होईपर्यंत तो मुंबईशीच जोडलेला राहिला. हुबळी-धारवाडच्या मालाशी मराठी घरांचा जो दाट परिचय आहे, त्याचे एक कारण या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात दलालापेक्षाही बलवान असा प्रतिस्पर्धी आला. धारवाडच्या काळ्या जमिनीत अमेरिकन जातीच्या कापसाची लागवड सुरू झाली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि धारवाडी कापसाचा भाव एकदम चढला. शेतकऱ्याच्या हातात काही दिवस पैसा खेळला. पण शिवारातला कापूस गिरण्यांकडे आणि गिरण्यांचे सूत व कापड पुन्हा शिवाराकडे, असा जो ओघ पुढे सुरू झाला, त्यात हातमागाचे पाय लटपटू लागले. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि हुबळी हे तिचे मोठे ठाणे झाले. ज्या लोहमार्गाने कापूस बंदराकडे गेला, त्याच मार्गाने स्वस्त कापड हुबळीच्या बाजारात उतरले.

अशा वेळी इरकली साडी टिकली कशी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इरकल, म्हणजे बागलकोट जिल्ह्यातील इळकल गाव. या साडीचे अंग एका ताण्याचे आणि पदर निराळ्या, रेशमी ताण्याचा असतो. हे दोन ताणे फासे एकमेकांत गुंतवून जोडतात आणि मग पुढे विणतात. मराठी बायका त्याला टोप पदर म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे या कौशल्याइतकेच दुसरे एक कारण होते. घेणारी बाई जाणती होती. आपल्या आज्या दुकानदाराचे बोलणे ऐकून साडी घेत नसत. त्या पदराचा जोड बोटांनी चाचपून पाहत, काठ उन्हात धरून पाहत आणि मगच कनवटीचा पैसा सोडत. घासाघीस त्याही करीत. पण त्या कशाचा भाव करीत आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक असे. सरकारी मदतीच्या कितीतरी आधी या जाणत्या गिऱ्हाइकाने विणकराला जगविले.

कशिद्याची आणि सतरंजीची कहाणी मात्र निराळी आहे, आणि मुलांच्या त्या हिशेबाचे उत्तर येथेच दडलेले आहे.

कानडीत 'कै' म्हणजे हात. हातचे सुती काम म्हणून कसुती, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. कापडावर आधी नक्षी रेखाटायची नाही, कापडाचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाके घालायचे, हा या कामाचा नियम आहे. गवंती आणि मुरगी या टाक्यांत दोन्ही बाजू सारख्या येतात. नेगी हा विणकामासारखा दिसतो. मेंथे हा फुलीचा टाका आहे. एक धागा मोजायला चुकला तर सबंध गोपूर तिरपे होते. हे काम मुली आईजवळ आणि आजीजवळ बसून शिकत. लग्नातली काळी चंद्रकळा कशिद्याने भरीत. आपल्या पोटच्या मुलीसाठी, सुनेसाठी, नातवाच्या कुंचीसाठी हे टाके पडत. ते विकण्यासाठी नव्हते. म्हणून त्यांना किंमत नव्हती.

नवलगुंद हे धारवाड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील सतरंज्यांना जमखाना म्हणतात. विजापूरच्या आदिलशाही काळात विणकर घराणी तेथे येऊन स्थायिक झाली, अशी परंपरा आहे. घरातच उभा माग असतो आणि त्यावर मुसलमान घरांतील स्त्रियाच विणतात. एक-दोघी मागापुढे बसतात आणि रंगीत सुते ओवून लोखंडी पंजाने ठोकून घट्ट बसवितात. मोर आणि सोंगट्यांचा पट या त्यांच्या आवडत्या आकृती. ही विद्या त्या पूर्वी इतकी जपत, की मुलगी लग्न होऊन परगावी गेली तर कला बाहेर जाईल म्हणून तिलासुद्धा शिकवीत नसत, असे सांगतात. कलेचे रक्षण करण्याच्या या उपायानेच शिकणारे हात कमी केले. आज तेथे माग चालविणाऱ्या स्त्रिया थोड्याच उरल्या आहेत आणि तरुण मुलींना चार पैसे नक्की मिळणारे दुसरे काम बरे वाटते. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, दोनशे रुपये कमी करून सतरंजी घेणाऱ्या माझ्यासारख्याला कसा असेल?

सारांश असा की, इरकली साडी शेकडो वर्षे बाजारात होती. तिचा भाव करण्याची रीत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ठाऊक होती. घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीचा कशिदा मात्र बाजारात उशिरा आला. ज्या श्रमाची किंमत घरात कोणी कधी मोजली नाही, त्याची किंमत बाजारात मागितली की ती जास्त वाटते. साडीच्या कापडाचे पैसे आपण देतो. त्यावरच्या दोनशे चाळीस तासांकडे आपण 'हौस' म्हणून पाहतो.

करणारा आणि घेणारा यांना पुन्हा एकमेकांसमोर आणण्याचा मोठा प्रयत्न आपल्या भागात झाला, तो स्वातंत्र्याच्या चळवळीत. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याबरोबर खादीचे प्रदर्शनही होते. या अधिवेशनाने सभासदत्वाच्या वर्गणीविषयी मान्य केलेला नियम आजही विचार करण्यासारखा आहे. वर्गणी रुपयांत द्यायची नव्हती. दरमहा दोन हजार वार सूत द्यायचे होते. वापरणाऱ्याने थोडा वेळ तरी करणारा होऊन पाहावे, हा त्यातील हेतू. पुढच्याच वर्षी ही अट सैल करावी लागली, कारण व्याख्याने देण्यापेक्षा सूत काढणे पुष्कळांना जड गेले. पण बेळगावचे गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखी माणसे मागे हटली नाहीत. कानडी मुलखाचे पुढारी असलेल्या गंगाधररावांचा मराठी जगाशी जवळचा संबंध होता. त्यांनी हुदलीस खादीचे केंद्र उभे केले आणि १९३७ मध्ये गांधीजी तेथे येऊन राहिले.

त्याच प्रेरणेतून स्वातंत्र्यानंतर धारवाडजवळच्या गरग गावी १९५४ मध्ये आणि हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ मध्ये खादीच्या संस्था निघाल्या. राष्ट्रध्वजासाठी हातसुताचे कापड तयार करणे हे या भागाचे भूषण ठरले. बेंगेरीच्या संस्थेत ध्वज कापणे, शिवणे, चक्र छापणे ही कामे मुख्यतः स्त्रियाच करतात. ध्वज खादीचाच असावा, असा दंडक होता तोवर या कामाला हक्काचे गिऱ्हाईक होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. त्यामुळे ध्वज स्वस्त झाला आणि घरोघर पोहोचला, हे खरे. पण कायद्याने दिलेले गिऱ्हाईक कायद्याने काढून घेता येते, हा धडाही कारागिरांना मिळाला.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याच्या द्वारे गावोगावचे कारागीर हुडकून काढले. प्रदर्शने, मेळे, शहरांतील विक्रीकेंद्रे यांची परंपरा त्यातून वाढली. १९९४ मध्ये दिल्लीत निघालेल्या हाटात कारागिराला ठरावीक दिवस गाळा मिळू लागला आणि दलालावाचून विक्री करता येऊ लागली. पुढे भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ मध्ये अमलात आला. कसुती, इरकली साडी, नवलगुंदची सतरंजी, इतकेच काय पण धारवाडचा पेढा, यांच्या नावांना त्याखाली संरक्षण मिळाले. दुसऱ्या गावचा माल या नावाने विकता येत नाही, हा त्याचा अर्थ. कायदा नावाची चोरी थांबवू शकतो. टाक्यांची किंमत मात्र तो ठरवीत नाही. ती गाळ्यासमोर उभे राहून आपणच ठरवितो.

पेढ्याचे नाव निघाले म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. धारवाडच्या लाइन बाजारात पेढ्यासाठी लोक रांगेत उभे राहतात. किलोचा भाव जो असेल तो देतात. "थोडा कमी करा," असे म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही. पेढ्याची चव आपल्याला कळते. ती दुसरीकडे मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. कशिद्याची चव आपल्या डोळ्यांना आणि बोटांना राहिलेली नाही. आपल्या आजीला जे कळत होते, ते आपल्याला कळेनासे झाले आहे. जत्रेत आणि प्रदर्शनात करणारा आणि घेणारा हातभर अंतरावर येऊन उभे राहतात खरे. पण अंतर जागेचे नसून जाणिवेचे असले, तर मध्ये दलाल नसूनही ते मिटत नाही.

म्हणून प्रदर्शनाकडे केवळ दुकान म्हणून न पाहता शाळा म्हणून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. तेथे मुलांना जरूर न्यावे. वस्तू उलटी करून पाहावी. ती कोणी केली, किती दिवसांत केली, कोणाकडून शिकली, हे कारागिराला आदराने विचारावे. हे विचारल्यावरही किंमत आपल्या आवाक्याबाहेर वाटली, तर वस्तू खुशाल घेऊ नये; गरिबाने हौसेपायी कर्ज काढावे, असे कोणीच म्हणणार नाही. मोठी साडी परवडत नसेल तर कशिद्याचा एखादा हातरुमाल घ्यावा. पण घ्यायची ती वस्तू तिच्या भावाने घ्यावी. भरविणाऱ्यांनीही प्रत्येक गाळ्यावर किंमतीबरोबर कामाचे तास लिहिलेली एक पाटी लावली, तर माझ्या विद्यार्थ्यांनी बसमध्ये मांडलेला हिशेब प्रत्येक गिऱ्हाइकाला जागच्या जागी मांडता येईल.

मुलांचा हिशेब पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते दोनशे रुपये घेऊन पुन्हा मैदानावर गेलो. आदल्या दिवशीच प्रदर्शनाची मुदत संपली होती. गाळ्यांचे बांबू उतरवून गाडीत भरणे चालले होते आणि नवलगुंदची मंडळी सकाळीच निघून गेली होती. ती सतरंजी आता आमच्या घरी आहे. तिच्यावर सोंगट्यांचा पट विणलेला आहे. घरातील मुले सुट्टीत त्यावर बसतात तेव्हा मी त्यांना विणणाऱ्या बायकांविषयी सांगतो आणि माझे दोनशे रुपये देणे बाकी आहे, हेही सांगतो. यंदाच्या थंडीत पुन्हा प्रदर्शन भरेल, तेव्हा ते देणे फेडायचे आहे. आपणही अशा एखाद्या गाळ्यासमोर उभे राहाल तेव्हा पदर उलटा करून पाहावा आणि मगच भाव विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.